चिमूटभर मीठ

मराठीतला 'वेड' हा शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्याला गाण्याचं वेड आहे असं आपण म्हणतो तेव्हा ते कौतुक असतं. त्याच माणसाला वेड लागलंय असं म्हणायची वेळ आली की घरातले आवाज खाली येतात आणि दार लोटून घेतलं जातं. 'नाद' तसाच. तंबोऱ्याचा नाद असतो आणि बाटलीचाही नाद असतो. खूळ, पिसं, झपाटणं, धुंदी... आजार आणि व्यसन यांच्यासाठी जे शब्द आपण वापरतो, तेच थोडा सूर बदलून कलेसाठीही वापरतो.

आपल्या भाषेची गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण ही समजूत आपल्यापुरती नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेला एक प्रश्नसंग्रह आहे. तो त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कुणी तरी रचला असावा असं अभ्यासक मानतात. त्यात एक प्रश्न असा आहे की तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य आणि कला यांत थोर ठरलेली माणसं विषण्ण प्रकृतीचीच का असतात? नीट पाहा, 'असतात का' असं विचारलेलं नाही, 'का असतात' असं विचारलं आहे. म्हणजे मूळ गोष्ट तेव्हाही कुणाला सिद्ध करावीशी वाटली नव्हती! तेव्हापासून आजतागायत कवी म्हटला की तो थोडा हललेला, थोडा प्यायलेला असणार असं आपण धरूनच चालतो. वेळेवर जेवणारा, विजेचं बिल भरणारा, रात्री दहाला झोपणारा कवी आपल्याला किंचित संशयास्पद वाटतो.

हे सगळं गप्पांपुरतं असतं तर त्यावर लिहायचं कारण नव्हतं. माझा एक आतेभाऊ आहे. नाव-गाव सांगत नाही. हौशी नाटकांसाठी पदं लिहितो, आणि चांगली लिहितो. त्याला बायपोलर डिसऑर्डर आहे. म्हणजे काही आठवडे उन्मादाचे, काही महिने खोल खिन्नतेचे आणि मधला बराच काळ तुमच्याआमच्यासारखा. उन्मादाच्या एका फेरीत त्याने राहत्या घरावर कर्ज काढून एक बंद पडलेला छापखाना विकत घेतला. ते हप्ते वहिनीने सात वर्षं फेडले. तो लिथियमच्या गोळ्या घेतो. मधूनच बंद करतो. का, असं विचारलं की म्हणतो, "गोळी घेतली की मी माणसात येतो रे, पण लिहिणारा निघून जातो." आणि मग बोटांवर नावं मोजतो. व्हॅन गॉग, व्हर्जिनिया वुल्फ, हेमिंग्वे, मंटो... ती यादी म्हणजे त्याचं वकीलपत्र असतं.

त्याच्याशी वाद घालता यावा म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता त्याच्या यादीत नसलेल्या एका कवीपाशी थांबलो. रॉबर्ट लोवेल. विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेतलं फार मोठं नाव. त्याच्यापाशी थांबायचं कारण साधं आहे. वुल्फ किंवा व्हॅन गॉग यांच्या काळी या आजारावर उपयोगी पडेल असं औषधच हाताशी नव्हतं, त्यामुळे औषधाने त्यांच्या कलेचं काय झालं असतं हा प्रश्न कायम हवेतच राहतो. लोवेलच्या बाबतीत मात्र औषधाआधीची वर्षंही आहेत आणि औषधानंतरचीही. दोन्हीकडची पुस्तकं आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

लोवेलचा जन्म १९१७ चा, बोस्टनचा. घराणं इतकं बडं की मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाला त्यांचं नाव आहे. कुणी हार्वर्डचा अध्यक्ष, कुणी खगोलशास्त्रज्ञ, जेम्स रसेल लोवेल आणि एमी लोवेल हे दोघे कवी. हा मुलगा मात्र घरच्या रीतीला न जुमानणारा. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्यात जायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगात गेला. १९४७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, 'लॉर्ड विअरीज कॅसल' या संग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. पुढचा रस्ता मोकळा दिसत होता.

मग १९४९ उजाडलं. न्यूयॉर्क राज्यात 'याडो' नावाची एक जागा आहे, लेखक-कलावंतांनी काही आठवडे राहून शांतपणे काम करावं म्हणून ठेवलेली. लोवेल तिथे राहत होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने संस्थेच्या संचालिकाबाईंवर कम्युनिस्टांशी संगनमत असल्याचा आरोप केला आणि त्यांना काढून टाकण्याची मागणी लावून धरली. ती फेटाळली गेली. पण तोवर त्याचं इंजिन सुटलेलं होतं. झोप नाही, बोलणं थांबत नाही, आपण ईश्वरी कार्यावर निघालो आहोत अशी खात्री. तो शिकागोला एका कविमित्राच्या घरी थडकला, तिथून इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला दुसऱ्याकडे. तिथे पोलिसांशी झटापट झाली आणि त्याला पकडण्यात आलं. शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या एका मनोरुग्णालयात भरती केलं, विजेचे झटके दिले. त्या उन्हाळ्यात तो बाहेर आला आणि जुलैमध्ये एलिझाबेथ हार्डविक या लेखिकेशी त्याने लग्न केलं. वर्ष संपायच्या आत खिन्नतेची लाट आली आणि पुन्हा रुग्णालय.

पुढची अठरा वर्षं हे चक्र जवळजवळ ठरल्यासारखं फिरत राहिलं. बहुतेकदा हिवाळ्याच्या आगेमागे. आधी उत्साह, मग रात्रभर जागरणं, मग दारू, मग एखाद्या तरुण मुलीच्या प्रेमात पडून आता नवा संसार मांडणार अशी घोषणा, हुकूमशहांचं कौतुक, मग पोलीस किंवा रुग्णवाहिका. नंतर औषधांची सुस्ती, आणि त्यानंतर सगळ्यात वाईट भाग: शुद्धीवर येऊन आपण काय काय केलं ते आठवणं, आणि ज्यांना दुखावलं त्यांना माफीची पत्रं लिहिणं. १९६२ साली तो ब्यूनोस आयर्सला व्याख्यानांसाठी गेला होता. तिथे गोळ्या बंद केल्या, आणि हा पंचेचाळीस वर्षांचा नामवंत कवी कपडे उतरवून शहरातल्या चौकांमधल्या अश्वारूढ पुतळ्यांवर चढून बसू लागला. ऐकायला गोष्ट मजेदार आहे. पण त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये पाच वर्षांची मुलगी सांभाळत एक बाई फोनशेजारी बसलेली होती हे लक्षात घेतलं की हसू मावळतं. डॉक्टर शोधणं, विमानाची सोय, बिलं, लोकांची समजूत काढणं, हे सगळं हार्डविकने केलं. तीही लेखिका होती, आणि चांगली होती.

आता थोडा वेळ बोस्टन सोडून ऑस्ट्रेलियात जाऊ या. साल तेच, १९४९.

मेलबर्नजवळ बंडूरा नावाच्या ठिकाणी निवृत्त सैनिकांसाठी एक मनोरुग्णालय होतं. जॉन केड हा तिथला डॉक्टर. महायुद्धात तो जपान्यांच्या हाती सापडला आणि तीन वर्षांहून अधिक काळ सिंगापूरच्या चांगी छावणीत युद्धकैदी होता. परत आल्यावर त्याने एक कल्पना धरून ठेवली: उन्माद हा शरीरात साचलेल्या कुठल्या तरी विषाचा परिणाम असावा, आणि ते विष लघवीत सापडायला हवं. रुग्णालयातली एक वापरात नसलेली कोठीची खोली ही त्याची प्रयोगशाळा. लघवीचे नमुने तो घरच्या फ्रीजमध्ये ठेवत असे! (त्याच्या बायकोचं यावर काय म्हणणं होतं हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.) हे नमुने गिनीपिगांना टोचताना युरिक आम्ल पाण्यात विरघळेना, म्हणून त्याने त्याचा लिथियमबरोबरचा क्षार वापरला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की लिथियममुळे ते घाबरट प्राणी शांत होताहेत, उताणे केले तरी धडपडत नाहीत. आज असं म्हणतात की ती कदाचित विषबाधेची सुस्तीच असावी. म्हणजे मूळ तर्क चुकीचा, निरीक्षणाचा अर्थही बहुधा चुकीचा. पण त्याने आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं आणि मग १९४८ च्या मार्चमध्ये पाच वर्षं अखंड उन्मादात असलेल्या एका रुग्णाला दिलं. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, आपल्या जुन्या नोकरीवर रुजू झाला. अशा दहा उन्मादग्रस्त रुग्णांचा अनुभव केडने सप्टेंबर १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला.

लोवेलला पहिल्यांदा रुग्णालयात नेलं त्यानंतर जेमतेम काही महिन्यांनी.

मग ते औषध त्याच्यापर्यंत पोचायला अठरा वर्षं का लागली? त्याचं उत्तरही १९४९ मध्येच आहे. लिथियम अमेरिकेला नवं नव्हतं. आज आपण पितो ते सेव्हन अप १९२९ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात लिथियमचा क्षार असे आणि त्याची जाहिरातही केली जाई. पुढे हृदयरोग्यांना साधं मीठ वर्ज्य असतं म्हणून त्याऐवजी लिथियम क्लोराइड विकायला सुरुवात झाली. लोक ते मिठासारखंच जेवणावर भुरभुरायचे. मात्रेचा काही हिशेब नाही. विषबाधा झाल्या, काही माणसं दगावली, आणि १९४९ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला लावलं. म्हणजे ज्या वर्षी जगाच्या एका टोकाला ते औषध ठरलं, त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला ते विष ठरलं होतं. आणि दोन्ही खरं होतं. केडचा तो पहिला रुग्णसुद्धा पुढे, १९५० मध्ये, लिथियमच्या विषबाधेनेच गेला. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडं अंतर आहे. रक्तातलं प्रमाण मोजत राहिल्याशिवाय ते देता येत नाही. शिवाय हे निसर्गात सापडणारं स्वस्त मूलद्रव्य. त्याचं पेटंट कोण घेणार, आणि पेटंट नाही तर त्याच्यामागे पैसा कोण लावणार?

ज्यांनी लावून धरलं ते डेन्मार्कचे. मोगेन्स शाऊ हा डॉक्टर आणि त्याचा सहकारी पोल बास्ट्रुप. शाऊच्या सख्ख्या भावाला खिन्नतेचा आजार पुन्हा पुन्हा होत असे. १९६७ साली या दोघांनी ८८ रुग्ण स्त्रियांचा कित्येक वर्षांचा हिशेब मांडून दाखवलं की लिथियम नियमित घेतलं तर आजाराच्या फेऱ्याच मुळात कमी होतात. लंडनच्या काही नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी याची 'मिथक' म्हणून संभावना केली. अमेरिकेने अधिकृत मान्यता दिली ती १९७० मध्ये. पण काही डॉक्टर त्याआधीच प्रयोग म्हणून ते देऊ लागले होते. लोवेलला ते १९६७ मध्ये मिळालं. तेव्हा तो पन्नास वर्षांचा होता.

आता पुस्तकांकडे पाहू. आतेभावाचा मुद्दा खरा असेल तर १९६७ च्या आधी झरा आणि नंतर वाळवंट दिसायला हवं.

आधीच्या काळातलं शिखर म्हणजे १९५९ चं 'लाइफ स्टडीज'. घरातली भांडणं, वडिलांचं निस्तेज आयुष्य, स्वतःचं मनोरुग्णालयात असणं हे सगळं त्याने त्यात सरळ मांडलं. अमेरिकन कवितेने तिथून वळण घेतलं असं मानतात. त्याच सुमारास तो बोस्टन विद्यापीठात कवितेचा वर्ग घेई आणि त्या वर्गात सिल्व्हिया प्लाथ आणि ॲन सेक्स्टन येऊन बसत. वरवर पाहिलं तर हे आजाराचंच देणं वाटेल. विषयच तो आहे. पण पुस्तक तयार कसं झालं ते पाहा. १९५४ साली आई वारल्यानंतर तो फार मोठ्या उन्मादातून गेला. त्यातून बाहेर पडल्यावर उपचारांचा भाग म्हणून त्याने लहानपणच्या आठवणी गद्यात लिहायला घेतल्या. दोन-तीन वर्षं तो त्या संथपणे लिहीत राहिला. त्या गद्याने त्याची भाषा सैल झाली, मोकळी झाली. १९५७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात काही आठवड्यांत बऱ्याच कविता धडाधड उतरल्या, आणि डिसेंबरात तो पुन्हा आजारी पडला. १९५८ च्या सुरुवातीचे महिने बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात गेले.

इथे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे की ते शरदातले आठवडे उन्मादाच्या चढणीचे होते. पूर्ण पेटण्याआधीची जी ऊब असते, जेव्हा झोप कमी लागते आणि शब्द चटचट सापडतात, तिचा त्याला फायदा झाला नाही असं कुणी म्हणू नये. माझ्या आतेभावाला हवे असतात ते हेच दिवस. पण त्या ऊबेला वापरायला भाषा लागते, आणि ती भाषा आधीच्या तीन वर्षांत रोज टेबलाशी बसून कमावलेली होती. आणि हाती आलेलं घासूनपुसून नीट करणं, ते नंतरच्या शांत दिवसांत झालं. लोवेल हा पुनर्लेखनाचा अट्टल माणूस. छापून आलेली कविताही तो पुन्हा खोडायला घ्यायचा. खोडायला थंड डोकं लागतं. ब्यूनोस आयर्सच्या घोड्यावर बसून ते होत नाही.

आणि १९६७ नंतर? वाळवंट तर सोडाच, पूर आला. लिथियम सुरू झालं त्याच वर्षापासून तो चौदा ओळींच्या कविता लिहू लागला. १९६९ मध्ये 'नोटबुक १९६७-६८', १९७० मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती, १९७३ मध्ये एकदम तीन पुस्तकं, आणि १९७७ मध्ये 'डे बाय डे'. शेकडो सुनीतं. टीकाकारांची तक्रार झालीच तर ती 'फार लिहितो' अशी झाली. यातलं सगळंच 'लाइफ स्टडीज'च्या तोडीचं नाही, हे मान्य. पण कुठल्या कवीचं पन्नाशीनंतरचं सगळं लिखाण चाळिशीच्या शिखराइतकं उंच असतं? त्यासाठी लिथियमला कोर्टात खेचायची गरज नाही. त्या वर्षांत तो पेंटागॉनवरच्या युद्धविरोधी मोर्चात होता, सिनेटर मॅकार्थींच्या प्रचारात फिरत होता, शिकवत होता. आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच हिवाळे रुग्णालयावाचून गेले. औषध जादूचं नव्हतं. १९७० मध्ये लंडनला असताना आणि पुन्हा १९७५ नंतर आजार परतला. पण दरवर्षीचं ते भयंकर वेळापत्रक मोडलं.

१९६७ सालाने आणखी एक गोष्ट समोर ठेवली. त्या वर्षीच्या जुलैत 'लाइफ' या अमेरिकेतल्या अतिशय खपाच्या साप्ताहिकाने लोवेलचा मित्र, कवी जॉन बेरिमन याच्यावर मोठा सचित्र लेख छापला. डब्लिनचे पब, वाऱ्यावर उडणारी दाढी, हातात पेला. लेखाचं शीर्षकच व्हिस्की आणि शाई यांची जोडी लावणारं होतं. म्हणजे दोन्ही द्रव सारखेच आवश्यक! लाखो घरांत हा अंक गेला असेल, आणि कवी म्हणजे काय याचं चित्र पक्कं झालं असेल. त्याच्या साडेचार वर्षांनी, ७ जानेवारी १९७२ ला, बेरिमनने मिनिआपोलिसमधल्या एका पुलावरून उडी मारून जीव दिला. वय ५७. मधल्या काळात तो व्यसनमुक्तीच्या वॉर्डात अनेकदा जाऊन आला होता आणि त्या अनुभवावर एक कादंबरी लिहीत होता. तिचं नाव 'रिकव्हरी'. ती अपुरी राहिली आणि तशीच १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. सचित्र लेखात पेला दिसतो; अपुरी कादंबरी कुणी फोटो काढून छापत नाही.

उलट उदाहरण रेमंड कार्व्हरचं. दारूपायी त्याचा संसार मोडला, रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या, मरता मरता वाचला. २ जून १९७७ ला त्याने दारू सोडली ती कायमची. 'कथीड्रल' हा त्याचा बहुधा सर्वांत भरलेला कथासंग्रह १९८३ चा, म्हणजे कोरड्या सहा वर्षांनंतरचा. १९८८ मध्ये तो गेला. शेवटची अकरा वर्षं ही त्याला बोनस मिळाली असं तोच मानत असे.

चार-दोन उदाहरणं काय, कुठल्याही बाजूने देता येतात, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. म्हणून थोडे आकडे. आयोवा विद्यापीठात लेखकांसाठी एक प्रसिद्ध अभ्यासक्रम आहे. लोवेल, बेरिमन, कार्व्हर हे तिघेही तिथे कधी ना कधी शिकवून गेलेले. नॅन्सी आंद्रेआसन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तिथल्या ३० लेखकांची आणि इतर व्यवसायांतल्या ३० जणांची तुलना करून १९८७ मध्ये निष्कर्ष छापले. लेखकांपैकी ८० टक्क्यांना आयुष्यात कधी तरी मनोवस्थेचा आजार झालेला होता, इतरांत हे प्रमाण ३० टक्के. दारूचं व्यसन ३० टक्के विरुद्ध ७ टक्के. माणसं थोडी आणि मुलाखती घेणारी व्यक्ती एकच, म्हणून या अभ्यासावर टीकाही झाली. पण स्वीडनमध्ये २०१३ साली जवळजवळ १२ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सरसकट सर्जनशील व्यवसायांत बायपोलर सोडता आजार जास्त दिसले नाहीत. लेखकांत मात्र बायपोलर, खिन्नता, व्यसनं जास्त आढळली, आणि आत्महत्येचं प्रमाण सुमारे दीडपट. तेव्हा त्या जुन्या ग्रीक प्रश्नात अगदीच तथ्य नाही असं नाही. संबंध आहे.

पण संबंध असणं म्हणजे देणं असणं नव्हे. आंद्रेआसनबाईंच्या लेखकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट कुणी फारशी उद्धृत करत नाही: लिखाण होतं ते आजाराच्या मधल्या, बऱ्या काळात. खिन्नतेत पेन उचलत नाही, उन्मादात एका जागी बसवत नाही. स्वीडनच्या अभ्यासात आणखी एक लक्षणीय गोष्ट दिसली. बायपोलर रुग्णांच्या निरोगी भावंडांतही सर्जनशील कामं करणारे जास्त निघाले. म्हणजे रक्तात जे काही वाहतं त्यातून कला यायला आजारी पडावंच लागतं असं दिसत नाही.

आणि औषधाचं? ज्या शाऊने लिथियमसाठी आयुष्य वेचलं त्यानेच १९७९ मध्ये हा प्रश्न थेट विचारला. लिथियम घेणारे २४ लेखक-कलावंत गाठून त्याने विचारलं की काम वाढलं की घटलं? १२ जण म्हणाले वाढलं. ६ म्हणाले फरक नाही. ६ म्हणाले घटलं. हे शेवटचे सहा मला फार महत्त्वाचे वाटतात. हात कापतो, तहान लागते, डोक्यावर पातळ धुकं बसतं, हे सगळं खरं आहे आणि आतेभाऊ खोटं बोलत नाही. तो या सहांपैकी असू शकतो. पण त्यावरचा इलाज डॉक्टरशी भांडून मात्रा बदलून घेणं, दुसरं औषध बघणं हा आहे. मेलेल्या कवींची यादी म्हणणं हा नाही. यादीत आधीच्या १२ जणांना कुणी घेत नाही, कारण ते घरी बसून काम करत असतात.

लोवेलच्या गोष्टीतला एक भाग मी अजून सांगितलेला नाही, आणि तो माझ्या बाजूला सोयीचाही नाही. १९७० मध्ये तो इंग्लंडला गेला तो तिथेच कॅरोलाइन ब्लॅकवुडपाशी राहिला. इकडे हार्डविकने दुखावून, संतापून त्याला पत्रं लिहिली. त्याने त्या खाजगी पत्रांतला मजकूर उचलला, हवा तसा बदलला आणि 'द डॉल्फिन' या संग्रहात कविता म्हणून घातला. छापण्याआधीच त्याची जुनी मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप, हिने त्याला कळवळून लिहिलं होतं की असं करू नकोस, कलेसाठी इतकी किंमत योग्य नाही. त्याने थोडे फेरफार केले आणि छापलं. १९७४ मध्ये त्याला दुसरं पुलित्झर मिळालं. हे काम एका रात्रीच्या उन्मादातलं नव्हतं. दोन-तीन वर्षं, गोळ्या घेत, विचार करून, सल्ला ऐकून न ऐकल्यासारखं करून त्याने ते केलं. म्हणून मला वाटतं, आजाराला कवितांचं श्रेय देऊ नये हे जितकं खरं, तितकंच माणसाच्या प्रत्येक क्रौर्याचा बोजाही आजारावर टाकू नये. 'लाइफ स्टडीज' त्याने लिहिलं. 'द डॉल्फिन'ही त्यानेच.

१२ सप्टेंबर १९७७ ला लोवेल इंग्लंड-आयर्लंडकडून न्यूयॉर्कला परतला. विमानतळावरून टॅक्सी केली ती हार्डविकच्या घरी जायला. टॅक्सी दारात पोचली तेव्हा तो गेलेला होता. हृदयविकार. साठ वर्षांचा होता.

लिथियम सुरू झाल्यानंतर तो त्याचा प्रकाशक आणि मित्र रॉबर्ट जिरू याच्यापाशी एकदा बोलला होता, ते जिरूने पुढे सांगितलं आहे. आपण जे सोसलं आणि आपल्यामुळे इतरांनी जे सोसलं, ते सगळं मेंदूत एक साधासा क्षार कमी पडला म्हणून असेल, हा विचार त्याला भयंकर वाटत होता. त्याला ते आधी मिळालं असतं तर, हे त्याच्या बोलण्यात होतं. हे औषध वेळेवर मिळालं असतं तर माझ्या कोणत्या कविता गेल्या असत्या, हा हिशेब त्यात नव्हता. तो हिशेब आपण, बाहेरचे, निवांत बसून करतो. यादी म्हणणाऱ्यांनी यादीच्या खाली हेही एक लिहून ठेवावं.